दाईचे वेतन आणि नाताळची भेट

शास्त्रपाठ : निर्गम २:१-१०, रोम ४:४



नाताळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांत भेटींची बोलणी सुरू होतात. रविवारच्या शाळेतील मुलांस काय वाटावे, पाळकाच्या घरी काय पाठवावे, शेजारच्या आळीत फराळाची ताटे कोणी न्यावी, ह्याविषयी पंचांच्या सभेत अर्धा तास सहज जातो. ह्या यादीत एका स्त्रीचे नाव मात्र क्वचितच निघते. आईबाप कामाला गेले असता त्यांची लेकरे आपल्या घरी घेऊन बसणारी, त्यांस भरविणारी, निजविणारी, त्यांची नाके पुसणारी ती स्त्री होय. शहरात तिच्या घराला पाळणाघर म्हणतात. खेड्यात तिच्या कामाला नाव नाही; "अमकीकडे पोर ठेवले आहे" एवढेच आपण म्हणतो.

कोणी विचारील, "पाळकसाहेब, आमच्या वाडीत पाळणाघर कोठे आहे?" ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांकडे पाहा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे जातात आणि हंगाम सरल्यावर, उन्हे तापू लागली की परततात. नाताळ नेमका मध्ये येतो. तान्ही लेकरे आईच्या मागे फडात जातात, परंतु शाळेत जाणारी कित्येक मुले गावातच आजीजवळ अथवा शेजारणीजवळ राहतात. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांच्या लेकीसुना पुण्यास, पिंपरी-चिंचवडास, ठाण्यास नोकरी करितात. त्यांची लेकरे सकाळी सातापासून दुसऱ्याच्या घरी असतात. आणि आपल्याच मंडळ्यांतील काही विधवा भगिनी शहरात जाऊन दोन खोल्यांत पाच-सहा लेकरे सांभाळून पोट भरतात. म्हणजे ह्या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंस आपली माणसे आहेत. ह्याकरिता सणापूर्वीच ह्या विषयावर मनन करावे असे माझ्या मनात आले.

मोशेची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. लव्हाळ्याची पेटी, नदीचा काठ, दूर उभी असलेली बहीण आणि स्नानास आलेली फारोची कन्या, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे आहे. तथापि त्यातील एका वाक्यावर आपण फारसे थांबत नाही. मुलीने जाऊन बाळाच्या आईलाच दाई म्हणून आणिले, तेव्हा राजकन्या तिला सांगते की हे मूल घेऊन जा, माझ्याकरिता त्याला पाज, मी तुला त्याचे वेतन देईन.

ती बाई कोण होती? योखबेद, त्या बाळाची जन्मदात्री. ज्या पोराला तिने तीन महिने घरात लपविले आणि अखेर काळजावर दगड ठेवून नदीत सोडिले, त्याला पुन्हा छातीशी धरण्याकरिता तिने उलट पैसे दिले असते. पैसे नसते तर जन्मभर राजकन्येच्या वाड्यात पाणी भरिले असते. असे असूनही शास्त्रात वेतनाचा शब्द आधी येतो, व मूल तिच्या हाती त्यानंतर जाते. राजकन्या असे म्हणाली नाही की, तू बाईमाणूस, लेकरावर माया करणे हा तुझा स्वभावच, त्याचे मोल ते काय? अथवा, एवढे गोजिरे बाळ तुझ्या मांडीवर देते हेच तुला पुष्कळ नाही का? मूर्तिपूजक राजाची ती कन्या. पण ही गोष्ट तिला कळत होती. आणि योखबेदेने, "नको बाईसाहेब, मी मायेने करीन," असे म्हटल्याचे कोठे लिहिलेले नाही. तिने मूल घेतले. वेतनही घेतलेच असावे. घरी अहरोन व मिर्याम होती, त्यांच्या तोंडातही घास घालावयाचा होता. वेतन घेतल्याने तिची माया एक गुंजभरही कमी झाली नाही.

हे मी विस्ताराने सांगतो, कारण आपल्या बायाबापड्यांच्या मनात एक खोटी लाज आहे. लेकरू सांभाळण्याचे पैसे मागणे म्हणजे माया विकणे, असे त्यांस वाटते. आणि देणाऱ्यांस ही लाज फार सोयीची पडते.

आता पौलाचे वचन घ्या. अब्राहामाच्या विश्वासाविषयी रोमकरांस लिहिताना तो रोजच्या व्यवहारातला दाखला देतो. जो काम करितो त्याची मजुरी ही मेहेरबानी म्हणून गणली जात नाही, ती त्याचे येणे असते. पौलाचा मुद्दा तारणाचा आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु हा दाखला उभा राहावयास त्यातले व्यवहाराचे तत्त्व खरे असले पाहिजे. मजुरी व कृपा ह्यांतील भेद ज्याला शेतावर कळत नाही, त्याला तो मंदिरातही कळणार नाही. मजुरी देताना जो उपकार केल्यासारखा चेहरा करितो, त्याच्या तोंडून देवाच्या फुकट कृपेचा उपदेश त्याच्या मजुराने कोणत्या कानांनी ऐकावा? मोशेच्या नियमशास्त्रात तर मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा आपल्याजवळ ठेवू नये अशी आज्ञा आहे (लेवीय १९:१३), आणि अनुवादात तिचे कारण दिले आहे की तो गरीब असून त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो.

आपल्या वाडवडिलांस हा भेद पुस्तकातून शिकावा लागला नाही. जुन्या गावगाड्यात बलुते हा हक्क होता. सुतार, लोहार, कुंभार खळ्यावर येऊन आपापला वाटा नेत. महार-मांगांचाही वाटा ठरलेला होता. पण त्यांस तो पुष्कळदा दारोदार हाक घालून, ओट्याखाली उभे राहून, भाकरीच्या तुकड्यांच्या रूपाने गोळा करावा लागे. रात्रंदिवस राबून मिळविलेले अन्न देणाऱ्याच्या ओठांवर येताच भीक झाले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडिले आणि १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. ही गोष्ट ज्यांच्या घराण्याच्या स्मरणात अजून ओली आहे, त्यांनी तरी आपल्या लेकराच्या दाईला तिचे येणे सणाची पोस्त म्हणून देऊ नये.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती मला भूषणावह नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी सेवा करीत होतो. माझी पत्नी परिचारिका. तिची पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची. आमची मुलगी दोन वर्षांची होती. गल्लीतील एक प्रौढ बाई आपल्या घरी सहा-सात मुले सांभाळीत असे. ती आपल्या मंडळीतली नव्हती. आम्ही तिला मावशी म्हणत असू. महिना बाराशे रुपये ठरले होते. त्या वर्षी माझे मानधन वेळेवर येईना. ऑक्टोबरचे पैसे राहिले, मग नोव्हेंबरचे राहिले. मावशीने तोंडातून शब्द काढिला नाही, आणि मी तिच्या मौनाला संमती समजलो. नाताळाच्या आदल्या आठवड्यात पत्नीच्या हाती काही जादा रक्कम आली. ती सरळ मावशीला नेऊन द्यावी, हे मला सुचले नाही असे नाही. परंतु मी म्हणालो, "सण आहे, तिला एखादी चांगली साडी घेऊ; पैसे काय, जानेवारीत देता येतील." सातशे रुपयांची साडी घेतली, करंज्या व शंकरपाळ्यांचे ताट भरिले, आणि चोवीस तारखेस संध्याकाळी आम्ही तिघे मोठ्या थाटाने तिच्या दारी गेलो.

मावशीने साडी हाती घेऊन कपाळाला लाविली. ताट रिकामे परत जाऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली. मग फळीवरून लोकरीचा एक तांबडा स्वेटर काढून आमच्या मुलीच्या अंगात चढविला; दुपारी मुले निजली असता तो तिने विणला होता. मी प्रसन्न होऊन बाहेर आलो. पत्नी चपला घालावयास मागे राहिली होती. तिला मावशी हळूच म्हणाली, "ताई, साडी फार छान आहे हो. पण दूधवाला साडी घेत नाही."

घरी आल्यावर पत्नीने हे मला सांगितले. दुधाचे दोन महिन्यांचे बिल थकले होते, आणि ते दूध त्या घरातली सगळी लेकरे पीत होती, आमची मुलगीही. माझ्या मुलीचे दूध मावशी स्वतःच्या नावावर उधार आणीत होती आणि मी तिच्याच पैशांची साडी तिला नेसवावयास निघालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उपासनेत मागी लोकांच्या भेटींवर उपदेश करण्याची माझी पाळी होती. तो मी केला. सोने, ऊद व गंधरस ह्यांचे अर्थ सांगितले. लोक म्हणाले, उपदेश चांगला झाला.

सत्तावीस तारखेस मंडळीतील एका वडिलांकडून उसने घेऊन चोवीसशे रुपये मावशीला नेऊन दिले. तिने ते माझ्यादेखत मोजून घेतले. तिने मोजले ह्याचे मला त्या वेळी किंचित वाईट वाटले, हेही कबूल करितो. मी पाळक, मजवर एवढाही भरवसा नाही काय, असे मनात आले. पुढे उमगले की मोजून घेण्याचा तिला अधिकारच होता. स्वेटरचे टाके आम्ही मोजले नव्हते. तो स्वेटर अजून आमच्या घरी ट्रंकेत आहे.

तेव्हा सणाच्या भेटीचा विचार करण्यापूर्वी बाकीचा विचार करावा. बाकी केवळ थकलेल्या महिन्याचीच असते असे नाही. दिवाळीत आठ दिवस मूल आजोळी नेले म्हणून तेवढ्या दिवसांचे पैसे कापून देणारे आईबाप शहरात पुष्कळ आहेत, आणि हेच आईबाप त्याच आठवड्यात तिला मिठाईचा पुडा देतात. त्या आठ दिवसांत तिने तुमच्या मुलाची जागा दुसऱ्या मुलाला दिली नाही. तुम्ही गावी गेला म्हणून घरमालक भाडे कापून घेत नाही. पुड्याची किंमत बहुधा कापलेल्या पैशांहून कमीच भरते. पण पुडा दिसतो, कपात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. कारखान्यातील कामगारांस बोनस मिळावा म्हणून १९६५ साली कायदा झाला. तो कारखान्यांस आणि वीस अथवा अधिक माणसे कामाला असलेल्या संस्थांस लागू केला गेला. पन्नास अथवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असे २०१७ च्या दुरुस्तीने ठरले. शहरातील पुष्कळ घरी मोलकरणीला दिवाळीत एका महिन्याचा पगार जादा देण्याची चाल आहे. आपल्या घरी एकटीने सहा लेकरे सांभाळणारी बाई मात्र ह्या सर्वांच्या मधल्या फटीत पडते. तिला मोलकरीण म्हणावयास आईबापांस संकोच वाटतो, कारण ती "घरच्यासारखी" आहे. आणि घरच्यासारखी असल्यामुळे तिला महिन्याचे जादा द्यावे असे कोणाच्या मनात येत नाही. "घरच्यासारखी" ह्या शब्दाचे मला अलीकडे भय वाटू लागले आहे.

अमेरिकेत हा धंदा पुष्कळ वाढला आहे. तेथे घरी मुले सांभाळण्यास बहुतेक राज्यांत परवाना लागतो. कॅलिफोर्नियात लहान घरात फार तर आठ व मोठ्या घरात फार तर चौदा मुले ठेविता येतात. नाताळात अशा बाईला काय द्यावे, ह्याची चर्चा तेथील आईबापांतही दरवर्षी होते. कोणी एका आठवड्याच्या शुल्काइतकी रक्कम पाकिटात घालून देतात, कोणी मुलाच्या हातची लहानशी वस्तू पुरे मानितात. उलट धंदा करणाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकांस दिलेल्या भेटींपैकी एका माणसामागे वर्षाला पंचवीस डॉलरपर्यंतचाच खर्च तेथे आयकराच्या हिशेबात वजा धरितात. ही मर्यादा १९६२ सालच्या कायद्याने घातली; ती अजून तशीच आहे. आमच्या बहिणींनी त्या सरकारचे एवढे तरी ऐकावे, असे मला का वाटते ते पुढे सांगतो.

नाताळाच्या भेटी ही काही प्रभूची आज्ञा नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. इंग्लंडात वर्षभर सेवा करणाऱ्यांस नाताळाची पेटी देण्याची जुनी रीत आहे. तीवरून २६ डिसेंबरास "बॉक्सिंग डे" हे नाव पडले, आणि १८७१ च्या कायद्याने त्या दिवशी सुटी मिळू लागली. उलट न्यू इंग्लंडातील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड करणारा कायदा झाला, व तो १६८१ पर्यंत होता. त्याच न्यू इंग्लंडातून पुढे १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. म्हणून कोणी गरिबीमुळे भेट देऊ शकला नाही तर तो सण चुकला असे मानू नये. वेतनाची गोष्ट निराळी. तिला आज्ञा आहे.

आता सांभाळणाऱ्या भगिनींकडे वळतो. माझ्या पूर्वीच्या मंडळीतील एक बहीण आज पिंपरी-चिंचवडात अकरा मुले सांभाळते. गेल्या वर्षी तिने पत्र पाठविले. त्यात लिहिले होते की, नाताळात तिने प्रत्येक मुलाला खेळणे दिले, आईबापांस केक दिला, आणि त्याकरिता बचत गटातून कर्ज काढिले. कारण काय? जवळच दुसरे पाळणाघर निघाले होते, तेथे मुलांस पिशव्या भरभरून वस्तू मिळाल्या होत्या. आपली मुले तिकडे जातील, ह्या धाकाने तिने हे केले. कर्जाचे हप्ते जूनपर्यंत गेले. आणि एका आईने तर आपल्या मुलाची मोटार शेजारच्या मुलाच्या मोटारीहून लहान का, असेही विचारिले!

बहिणी, तुझी अकरा मुले तुझ्या घरी खेळण्याकरिता येत नाहीत. पौलाने थेस्सलनीकरांस लिहिताना स्वतःला आपल्या लेकरांचे लालनपालन करणाऱ्या दाईची उपमा दिली (१ थेस्स. २:७). एवढ्या मोठ्या प्रेषिताला आपल्या सेवेकरिता तुझ्या कामाहून गोड चित्र सापडले नाही. तो पुढे म्हणतो की आपण त्यांस आपला जीवसुद्धा द्यावयास तयार होतो. खेळण्यांचा तेथे उल्लेख नाही. तू मुलांकडून कागदाचे तारे करवून घे, प्रत्येकाच्या हाती त्याचा तारा घरी पाठीव, फार तर एक एक करंजी दे. आणि सर्वांस सारखे दे. ह्या वर्षी तिने असेच करावयाचे ठरविले आहे. दोन मुले गेली, असेही तिने कळविले. हे मी लपवीत नाही. त्यांची जागा अजून भरलेली नाही.

तिचेच दुसरे दुखणे उलट्या बाजूचे आहे. एक श्रीमंत बाप दर सणाला तिला भारी वस्तू देतो. मग त्याच्या मुलाला ताजे दूध, त्याला खिडकीजवळची गादी, त्याने मारिले तरी रागावणे नाही. असे कोणी तिला सांगितले नव्हते. तिच्या हातून ते आपोआप होऊ लागले, आणि एके दिवशी एका गवंड्याची चार वर्षांची पोर तिला म्हणाली, "मी आईला सांगू का तुला साडी आणायला?" त्या रात्री तिला झोप आली नाही. लाच डोळसांसही आंधळे करिते असे निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात आहे ते न्यायाधीशांविषयी आहे खरे; पण जिच्या मांडीवर बसण्याकरिता सहा लेकरे एकदम धावतात, तीही दिवसातून दहा वेळा न्यायच करीत असते. नामानाने भेट पुढे केली तेव्हा अलीशाने ती शपथ घेऊन नाकारिली. गेहजी मागून धावला. भेट घेऊ नये असा सरसकट नियम मी करीत नाही, पण जी घेतल्याने हात जड होतो ती गोड शब्दांनी परत करावी. आणि देणाऱ्या आईबापांनी ती इतर आईबापांच्या देखत, दारात उभे राहून, मुळीच देऊ नये. ज्याच्याजवळ द्यावयास काही नाही तोही त्याच वेळी आपले पोर न्यावयास आलेला असतो.

एका कॅटेकिस्ट बंधूने मला विचारिले आहे की, आपली बहीण हिंदू कुटुंबांची मुले सांभाळते, ते दिवाळीचा फराळ आणून देतात. तो तिने घ्यावा काय? माझे मत असे आहे. लाडू-चकली ही त्या घरच्या स्वयंपाकघरातून प्रेमाने आलेली आहे. उगाच चौकशी न करिता आभार मानून घ्यावी व खावी. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल हेच सांगतो. हा देवाचा प्रसाद आहे असे जर कोणी स्पष्ट सांगितले, तर त्याचे मन न दुखविता, "आमच्यात हे घेत नाहीत, राग मानू नका," एवढे म्हणावे. नाक मुरडू नये. तुमच्याकडे लेकरू सोपविणाऱ्या माणसाने तुमच्यावर जो विश्वास ठेविला आहे, तो त्या लाडवाहून फार मोठा आहे.

त्याच बंधूने असेही सुचविले की नाताळाच्या फराळाच्या प्रत्येक पुड्यात एक पत्रिका घालावी. त्याची कळकळ मी जाणतो, तरी ह्या एका ठिकाणी ती गोष्ट मला मान्य नाही. सुवार्ता उघड सांगावी, कोणी विचारिले तर अवश्य सांगावी. परंतु भेटीत लपविलेला हेतू गळाला लाविलेल्या आमिषासारखा दिसतो. दुष्काळाच्या दिवसांत ज्यांस मिशनांनी जगविले, त्या आपल्या आज्या-पणज्यांस लोकांनी धान्याकरिता बाटलेले म्हणून किती वर्षे हिणविले! खऱ्या दयेलाही तो डाग लागला. आपण होऊन तो पुन्हा का लावून घ्यावा? करंजीत खोबरेच असू द्यावे.

आजीविषयी दोन शब्द. तिला वेतन नको असते, म्हणून तिला काहीच नको असे आपण धरून चालतो. रूथेचा मुलगा नामीने उराशी धरिला व ती त्याची दाई झाली, तेव्हा गावच्या बायांनी तिचे नाव घेऊन आनंद केला. ऊसतोडीवर असलेल्या लेकांनो, आजीला निदान फोन करा, आणि तो पोराशी बोलून लगेच ठेवू नका.

रिबकेबरोबर माहेराहून तिची दाई आली होती. तिचे नाव दबोरा. तिने काय काय केले हे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही. तिला वेतन किती होते, सणाला काय मिळे, हेही नाही. परंतु उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात याकोबाचे सारे कुटुंब प्रवासात असता ती मरण पावते. तेव्हा एवढी धांदल असून ते थांबतात, बेथेलाच्या खाली एका अल्लोन झाडाखाली तिला पुरितात, आणि त्या झाडाला रडण्याचे झाड असे नाव देतात. म्हाताऱ्या झालेल्या एका दाईकरिता! रिबका स्वतः केव्हा मेली ह्याचा वृत्तांत मात्र तेथे नाही.

आमच्या मंडळीच्या पंचांनी ह्या वर्षी जे ठरविले ते इतर मंडळ्यांच्या माहितीकरिता देतो. ज्यांची मुले दुसऱ्याकडे आहेत त्यांनी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापर्यंत सर्व बाकी फेडावी. जे फडावर आहेत त्यांस हे फोनवरून कळवावे. ज्यांची उचल अजून फिटली नाही व ज्यांच्या हाती रोख येत नाही, त्यांच्या मुलांस सांभाळणाऱ्या तीन बायांस हंगामाच्या उपकारस्तुतीत आलेल्या बाजरीतून प्रत्येकी एक पोते द्यावे, आणि ते त्या कुटुंबांच्या नावे, त्यांच्या येण्यापोटी द्यावे. नाताळाची भेट निराळी. ती ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे मागाहून द्यावी. पोती दोघा तरुणांनी रात्री नेऊन टाकावी आणि व्यासपीठावरून नावे वाचू नयेत.

एका वडिलांनी हरकत घेतली की, असे केल्यास मंडळीने दिले हे लोकांस कसे कळेल? त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग चिटणिसांनी मंडपाच्या दिव्यांचा विषय काढिला, आणि सभा पुढे चालली.